खड्ड्यात पडलात? महापालिकेकडे भरपाई मागण्यापासून पैसे खात्यात येईपर्यंत

आमच्या गल्लीतल्या एक काकू जुलैच्या पावसात भाजी घेऊन येताना पडल्या. गटाराचं झाकण तिरकं झालं होतं, वर घोटाभर पाणी, पाय सरळ आत गेला. उजवं मनगट मोडलं, आत प्लेट घालावी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेची माणसं येऊन झाकण नीट बसवून गेली. काकूंच्या मुलाने साडेचार महिने वॉर्ड ऑफिसच्या चकरा मारल्या. तिथले साहेब माणूस म्हणून चांगले. बसवून घ्यायचे, चहा मागवायचे आणि ‘फाइल वर पाठवलीय’ म्हणायचे. शेवटी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या हातात एका पानाचा अर्ज होता. त्यावर आवक शिक्का नव्हता, क्रमांकही नव्हता. कागदोपत्री त्याने पालिकेकडे काहीच मागितलेलं नव्हतं, आणि दावा लावायच्या मुदतीचे जेमतेम सहा आठवडे उरले होते.

असे बरेच लोक मी पाहिले आहेत. पालिकेकडे पैसे नसतात म्हणून भरपाई मिळत नाही, असं त्यांना वाटतं. पैसे असतात, ते देण्याची वाटही कायद्यात आखलेली आहे. माणूस अडकतो तो तारखेत आणि कागदात. म्हणून हा लेख अपघाताच्या दिवसापासून रक्कम खात्यात येईपर्यंतच्या क्रमाने लिहिला आहे. उदाहरणं महाराष्ट्रातल्या महापालिका आणि नगरपरिषदांची आहेत.

आधी पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करायचं

जखमी माणूस दवाखान्यात पोचला की तिथला डॉक्टर विचारतो, ‘काय झालं?’ आपण घाईत सांगतो, ‘गाडी घसरली.’ केसपेपरवर तेवढंच उतरतं. पुढे दोन वर्षांनी पालिकेचा वकील तोच केसपेपर कोर्टात दाखवतो आणि म्हणतो, यात खड्ड्याचा उल्लेख कुठे आहे? तेव्हा पहिल्याच वाक्यात सांगा: अमुक रस्त्यावर, खड्ड्यात चाक गेल्यामुळे पडलो. उघडं मॅनहोल असेल तर तसं. केसपेपरवर तेच लिहिलंय ना, हे वाचून बघा. मार मोठा असेल तर हॉस्पिटल एमएलसी (मेडिको-लीगल केस) करतं, म्हणजे पोलिसांना कळवतं. ती नोंद पुढे फार कामाला येते.

मग जागेचे फोटो. खड्डा बुजायच्या आत, आणि तो अपघातानंतर भलताच लवकर बुजतो. एक फोटो जवळून काढा, शेजारी चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवून, म्हणजे खोली कळते. दुसरा लांबून, ज्यात दुकानाची पाटी, इमारतीचं नाव किंवा विजेच्या खांबावरचा क्रमांक दिसेल. खांबाचा क्रमांक मी मुद्दाम सांगतोय. ‘स्टेशन रोडवर’ एवढंच लिहिलं तर पालिका म्हणते, स्टेशन रोड दीड किलोमीटर आहे, नेमका कुठे? खांबाचा क्रमांक दिला की तो प्रश्न मिटतो. ज्या मोबाइलवर फोटो काढले तो मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ उपकरण हाताशी असलेलं बरं.

पोलिसांकडे जाऊन नोंद करा. किरकोळ जखम असेल तर अदखलपात्र नोंद तरी घ्यायला लावा. जीव गेला असेल तर पंचनामा होतोच. तो होत असताना घरचं कोणीतरी जागेवर असलं पाहिजे आणि पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली आलीय का हे बघितलं पाहिजे. हे लिहिताना वाईट वाटतं, पण कधी कधी मृत दुचाकीस्वारावरच निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होतो. खड्ड्याचा उल्लेख पंचनाम्यात नसेल तर तो ठपका पुसणं जड जातं.

रस्ता कोणाचा?

ही पायरी लोक टाळतात आणि चुकीच्या दारात महिने घालवतात. शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ), एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, बंदर प्राधिकरण, रेल्वे, यांचेही रस्ते आणि पूल शहरातून जातात. मालकी बदलतेही. मुंबईतले पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग आधी एमएमआरडीएकडे होते, २०२२ मध्ये ते महापालिकेकडे आले.

मालकी कळायचा साधा मार्ग माहिती अधिकाराचा. जोडपत्र ‘अ’ भरा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि वॉर्डाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या. उत्तराची मुदत ३० दिवस. त्याच अर्जात पुढच्या गोष्टीही मागून घ्या: त्या रस्त्याचा शेवटचा कार्यादेश, ठेकेदाराचं नाव, दोषदायित्व कालावधी (ज्या काळात रस्ता बिघडला तर ठेकेदारानेच दुरुस्त करायचा) केव्हा संपतो, त्या जागेबद्दल गेल्या वर्षभरात आलेल्या तक्रारी, आणि खड्डा बुजवल्याची तारीख. जुन्या तक्रारी सापडल्या तर प्रकरण एकदम भक्कम होतं. पालिकेला धोका आधीपासून माहीत होता आणि तरी तिने काही केलं नाही, हे तिच्याच नोंदवहीतून सिद्ध होतं. मुंबईत १९१६ या क्रमांकावर केलेल्या तक्रारीलाही क्रमांक मिळतो, शेजाऱ्यांपैकी कोणी केली होती का हे विचारून घ्या.

उत्तर येईपर्यंत मात्र थांबू नका. शंका असेल तर दोन्ही यंत्रणांना नोटीस द्या.

घड्याळ: एक महिना आणि सहा महिने

या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, हे राहू द्या.

मुंबईसाठी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ चं कलम ५२७ आणि राज्यातल्या इतर महापालिकांसाठी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ चं कलम ४८७, दोन्ही जवळपास एकच गोष्ट सांगतात. पालिकेने कायद्याखाली केलेल्या कृतीबद्दल किंवा कर्तव्यात केलेल्या हयगयीबद्दल दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यायची. नोटीस पालिकेच्या मुख्य कार्यालयात पोचल्यावर एक महिना थांबायचं. आणि दाव्याचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी त्यांच्या १९६५ च्या वेगळ्या अधिनियमाचं कलम ३०४ आहे, तिथेही नोटीस आणि सहा महिने. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेचे कायदे वेगळे आहेत, त्यातल्या नोटिशीच्या आणि मुदतीच्या तरतुदी वकिलाकडून पहिल्याच आठवड्यात तपासून घ्या.

समजा अपघात १२ जुलैला झाला. नोटीस ५ ऑगस्टला पोचली, तर ५ सप्टेंबरनंतर दावा लावता येतो आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो कोर्टात गेलेला असावा. नोटिशीचा महिना मुदतीतून वगळून मिळण्याची तरतूद मुदत अधिनियमाच्या कलम १५ मध्ये आहे, पण तिच्यावर विसंबून शेवटच्या दिवसापर्यंत बसू नका. ती गळ्याशी आल्यावर वापरायची गोष्ट आहे.

वॉर्ड ऑफिसात ‘विचार चालू आहे’ असं ऐकून हे घड्याळ थांबत नाही. पालिकेने उत्तर पाठवलं, पुन्हा कागद मागितले, बैठकीला बोलावलं, तरीही थांबत नाही. काकूंच्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं. रस्ता राज्य शासनाच्या खात्याचा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८० लागू होतं आणि नोटिशीची मुदत दोन महिने होते. ती शासनाच्या सचिवाला किंवा जिल्हाधिकाऱ्यांना द्यायची.

नोटीस कशी लिहायची

नोटीस वकिलामार्फत दिलेली चांगली, पण कायद्याने वकील लागतोच असं नाही. काय लागतं ते ऐका: दाव्याचं कारण पुरेशा तपशिलासह, तुमचं नाव, राहण्याचा पत्ता, आणि वकील असेल तर त्याचंही नाव-पत्ता. पाठवायची ती मुख्य कार्यालयात. वॉर्ड ऑफिसला दिलेली नोटीस ही या कलमाखालची नोटीस आहे का यावरच पुढे वाद होतो, म्हणून वॉर्डाला फक्त प्रत द्या.

या कलमात एक बारीक अट आहे. नोटिशीत जे कारण लिहिलं, त्याच कारणाचा पुरावा दाव्यात देता येतो. नोटिशीत ‘खड्डा’ लिहिलं आणि दाव्यात ‘रस्त्यावर दिवे नव्हते, बॅरिकेड नव्हतं’ असं जोडलं, तर कोर्ट ते ऐकूनच घेत नाही. म्हणून नोटिशीत सगळं येऊ द्या: खड्डा, अंधार, फलक नसणं, आधीच्या तक्रारी. काकूंच्या नोटिशीतला मुख्य परिच्छेद साधारण असा होता:

‘दिनांक अमुक रोजी सायंकाळी पावणेसातच्या सुमारास, अमुक मार्गावर, खांब क्रमांक अमुक आणि किराणा दुकान यांच्या दरम्यान, आपल्या ताब्यातील पर्जन्यजल वाहिनीवरील झाकण जागेवरून सरकलेले होते. त्यावर पाणी साचल्याने ते दिसत नव्हते. तेथे कोणताही धोक्याचा फलक, अडथळा वा दिवा नव्हता. सदर झाकणाबाबत यापूर्वी दिनांक अमुक रोजी तक्रार क्रमांक अमुक दाखल झालेली होती.’

त्याखाली जखम, खर्च, बुडालेली मजुरी आणि मागितलेली रक्कम. रक्कम आकड्यात आणि अक्षरात. सोबत बिलांच्या झेरॉक्स, मूळ बिलं स्वतःकडे. हाताने दिली तर पोच प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, पोस्टाने पाठवली तर टपालाची पावती आणि पोच जपून ठेवा. आवक खिडकीवरचा माणूस ‘शिक्का नंतर मारतो’ म्हणाला तर तिथेच उभे राहा.

खड्डा आणि उघड्या मॅनहोलसाठी नवा, जवळचा रस्ता

२०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी शहरातल्या खड्ड्यांबद्दल मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. न्यायालयाने त्याचीच जनहित याचिका करून घेतली. चांगले, सुरक्षित रस्ते हा जगण्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या अनुच्छेद २१ चा भाग आहे, हे या प्रकरणात ठरलं. आदेश होत राहिले, खड्डे आणि उघडी मॅनहोल तशीच राहिली. ऑगस्ट २०१७ च्या त्या पावसात मुंबईतले एक नावाजलेले डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये वाहून गेले, ते अनेकांना आठवत असेल. त्यानंतरही मृत्यू थांबले नाहीत.

१३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने भरपाईचे आकडेच ठरवून दिले. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये. जखमींना दुखापतीच्या गांभीर्याप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये. दावा तपासायला समिती: महापालिकेत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव, नगरपरिषदेत मुख्याधिकारी आणि तेच सचिव. घटना कळल्यावर सात दिवसांत समितीने बसायचं, पुढे दर पंधरा दिवसांनी. पोलिसांनी अपघाताची माहिती ४८ तासांत समितीला कळवायची. अर्ज आला नाही तरी बातमीवरून समिती स्वतः दखल घेऊ शकते. दावा आल्यापासून सहा ते आठ आठवड्यांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर संबंधित वरिष्ठ अधिकाऱ्यावर वैयक्तिक जबाबदारी, आणि दाव्याच्या तारखेपासून द.सा.द.शे. ९ टक्के व्याज. भरपाई आधी यंत्रणेने द्यायची आणि मग दोषी ठेकेदार किंवा अधिकाऱ्याकडून वसूल करायची.

मला हा आदेश मोलाचा वाटतो, कारण यात मागणाऱ्यावरचं ओझं हलकं केलं आहे. कोर्ट फी नाही, वर्षानुवर्षांच्या तारखा नाहीत. अर्ज करताना वर सांगितलेलीच कागदपत्रं जोडा: केसपेपर, एमएलसी, पंचनामा किंवा नोंदीची प्रत, फोटो, बिलं, आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान. मृत्यू असेल तर मृत्यू दाखला, शवविच्छेदन अहवाल आणि वारसांचा पुरावा. अर्ज आयुक्तांच्या नावे, प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना. ते कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं आणि माझ्या अनुभवात तिथे पालिकेपेक्षा लवकर दाद लागते.

समितीकडे अर्ज केला म्हणून कलम ४८७ किंवा ५२७ ची नोटीस सोडू नका. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवा. कारण पुढे आहे.

किती मागायचं?

६ लाख हा आकडा ऐकून घरच्यांना वाटतं, एवढेच मिळतात. मृत्यूच्या प्रकरणात कोर्टाचा हिशोब कसा असतो ते बघा. मोटार अपघातांसाठी सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांत पद्धत घालून दिली आहे, आणि इतर अपघाती मृत्यूंतही कोर्टं तिचा आधार घेतात.

३८ वर्षांचा, स्वतःचा छोटा धंदा असलेला माणूस, महिना २० हजार कमाई, घरी बायको आणि दोन मुलं. वर्षाचे २ लाख ४० हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के जास्त धरायचे: ३ लाख ३६ हजार. त्याचा स्वतःवरचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा: २ लाख २४ हजार. वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचं, ३६ ते ४० वयोगटाचा गुणक १५. गुणाकार ३३ लाख ६० हजार. त्यावर अंत्यविधी, सहवासाचं नुकसान वगैरेंच्या ठरावीक रकमा. ६ लाख आणि ३३ लाख, दोन्हींत केवढं अंतर आहे! समितीची रक्कम तातडीचा आधार म्हणून घ्यायची, आणि कमावता माणूस गेला असेल तर दाव्याची वाट मोकळी ठेवायची.

कमाईचा पुरावा म्हणून आयकर विवरणपत्र नसेल तर बँकेचं स्टेटमेंट, जीएसटी नोंद, मालकाचं पत्र, गुमास्ता परवाना, काहीही चालतं. अगदीच काही नसेल तर किमान वेतनाचा दर धरला जातो. जखमेच्या प्रकरणात कायमच्या अपंगत्वाचं टक्केवारीसह प्रमाणपत्र सरकारी रुग्णालयातून घ्या. उपचार पूर्ण झाल्यावरच ते मिळतं, त्यामुळे नोटिशीत ‘अपंगत्व निश्चित झाल्यावर मागणी वाढवण्याचा हक्क राखून’ असं लिहून ठेवा.

आत फाइल कशी फिरते

बाहेर बसलेल्या माणसाला हे दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. नोटीस मुख्य कार्यालयातून विधी विभागात जाते. विधी अधिकारी ती रस्ते विभागाला किंवा पर्जन्यजल विभागाला पाठवतो आणि परिच्छेदनिहाय अभिप्राय मागतो. तिथून ती वॉर्डातल्या कनिष्ठ अभियंत्याकडे येते. फाइल सगळ्यात जास्त मुक्काम करते ती याच टेबलावर. अभियंता अभिप्राय लिहितो: रस्ता आमचा नाही, किंवा खड्डा ठेकेदाराच्या दोषदायित्व कालावधीतला आहे, किंवा पाहणीत खड्डा आढळला नाही. शेवटचं वाक्य बुजवल्यानंतरच्या पाहणीचं असतं, म्हणून खड्डा बुजवल्याची तारीख माहिती अधिकारात मिळवायला सांगितलं.

अभिप्राय परत विधी विभागात, तिथून पॅनेलवरच्या वकिलाकडे मतासाठी. तडजोड करायची ठरली तर अधिकार कोणाचा? १९४९ च्या अधिनियमाचं कलम ४८१ आणि मुंबईसाठी कलम ५१७ प्रमाणे पालिकेविरुद्धचा दावा मान्य करणं किंवा त्यात तडजोड करणं आयुक्त स्थायी समितीच्या मान्यतेने करू शकतात. म्हणजे टिपणी तयार होते, स्थायी समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर येते, ठराव होतो. निवडून आलेली सभागृहं नसतात तेव्हा हे अधिकार प्रशासक वापरतो. तुमच्या वॉर्डाचा नगरसेवक उपयोगी पडतो तो इथे. विषय पत्रिकेवर कधी येतोय, तहकूब झाला का, हे तो सांगू शकतो.

अर्थसंकल्पात तरतूद नाही, असं उत्तर आलं तर घाबरू नका. कोर्टाच्या हुकूमनाम्याखाली (दाव्याच्या अंतिम आदेशाखाली) किंवा दाव्यातल्या तडजोडीखाली देय झालेली रक्कम महापालिका निधीतून अर्थसंकल्पीय तरतूद नसतानाही देता येते, तसा अपवाद पालिकेच्या कायद्यातच आहे. शिवाय पैसे नाहीत ही सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात नाकारली. ते प्रकरण उघड्या गटारांचं होतं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निधीची टंचाई हा कर्तव्य टाळण्याचा बचाव होऊ शकत नाही असं स्पष्ट केलं. आणि झाडाची फांदी, भिंत, जुनी इमारत यांच्याबाबत १९६६ चा दिल्ली महापालिकेचा निकाल सांगा: चांदणी चौकातला घड्याळाचा मनोरा कोसळून माणसं मेली, आणि रस्त्यालगतची वास्तू अशी कोसळते तेव्हा निष्काळजीपणा नव्हता हे मालकानेच दाखवायचं, असं ठरलं. तो मनोरा महापालिकेच्याच मालकीचा होता. ‘दैवी आपत्ती’ म्हणून झाड पडल्याचे दावे फेटाळले जातात तेव्हा हा निकाल, आणि फांदी छाटायला आधी केलेला अर्ज, या दोन गोष्टी पुढे करा.

तडजोडीचा आकडा समोर आला तर

घाईत सही करू नका, पण रागात नाकारूही नका. कलम ४८७ मध्ये एक तरतूद आहे जी दावेदारांना उशिरा कळते: दावा लावण्यापूर्वी पालिकेने पुरेशी भरपाई देऊ केली होती असं कोर्टाला दिसलं, तर नुकसानभरपाईचा दावा फेटाळला जातो. म्हणून लेखी देकार आला की वकिलाबरोबर बसून वरच्यासारखा हिशोब मांडा आणि उत्तरही लेखी द्या, किती कमी आहे आणि का, हे आकड्यांसह.

सही करायच्या कागदात ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द शोधा. ते असतील तर पुढचे सगळे मार्ग बंद होऊ शकतात. समितीची रक्कम किंवा उपचाराचा खर्च घेत असाल तर ‘इतर हक्कांना बाध न येता’ असं लिहून घ्या.

तडजोड करायला उत्तम जागा लोकअदालत. पालिका आणि पालिकेचे अधिकारी लोकअदालतीत सही करायला कमी कचरतात, कारण निवाडा न्यायाधीशासमोर होतो आणि लेखापरीक्षणात त्यांना कोणी विचारत नाही. काकूंचं प्रकरण असंच मिटलं. निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि दाव्यात भरलेली कोर्ट फी परत मिळते. दावा लावायच्या आधी जायचं असेल तर स्थायी लोकअदालत आहे: पाणीपुरवठा, सफाई-मलनिःसारण, वाहतूक, रुग्णालय अशा सार्वजनिक उपयोगितेच्या सेवांसाठी, १ कोटी रुपयांपर्यंत. तिथे समेट झाला नाही तर ती गुणदोषांवर निकालही देऊ शकते.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही.

बेस्ट (मुंबई) किंवा पीएमपीच्या (पुणे) बसचा अपघात असेल तर हा सगळा रस्ता वेगळा. तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो, तिथे पालिकेच्या नोटिशीची गरज नाही, आणि अर्ज सहा महिन्यांच्या आत करा. ठेकेदाराचं थकलेलं बिल हा करारातला वाद आहे, त्याचा हिशोब या लेखात धरलेला नाही.

निकाल लागला, पैसे येईनात

हुकूमनामा झाल्यावर पालिका बहुधा अपिलात जाते. स्थगिती मिळते ती सहसा रक्कम कोर्टात भरण्याच्या अटीवर. भरलेल्या रकमेतून काही भाग हमीवर काढून मिळावा असा अर्ज तुम्ही लगेच करायचा, पुष्कळ वकील हे सुचवत नाहीत.

अपील नाही, स्थगिती नाही, तरी पैसे आले नाहीत तर दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून घेण्याचा अर्ज, दाखल करा. दरखास्तीत पालिकेचं बँक खातं किंवा जंगम मालमत्ता जप्त करण्याचा आदेश मागता येतो. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यासाठी बेलीफ सरकारी कार्यालयात येऊन गाडी, खुर्च्या, संगणक जप्तीला लागल्याच्या बातम्या आपण वाचतो, ती हीच प्रक्रिया. जप्तीचं वॉरंट निघालं की लेखा विभागातली फाइल सहसा हलते. दरखास्तीची मुदत १२ वर्षं आहे, तोवर सगळे कागद जपा.

पैसे देताना मुख्य लेखा अधिकाऱ्याच्या कार्यालयातून कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत, पॅन, आधार, रद्द केलेला धनादेश मागतात. आदेशातलं नाव आणि बँकेतलं नाव एका अक्षरानेही वेगळं असेल तर बिल परत येतं. हे आधीच तपासा. वारसांत अज्ञान मूल असेल तर त्याचा हिस्सा १८ वर्षांचं होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत राहतो. शिक्षणासाठी त्यातून पैसे लागले तर कोर्टाकडे साधा अर्ज करता येतो.

रक्कम खात्यात आल्यावर एक काम उरतं. ती रक्कम आपल्याच घरपट्टीतून गेलेली असते, ज्याने झाकण नीट बसवलं नाही त्याच्या खिशातून नव्हे. म्हणून दोन-तीन महिन्यांनी माहिती अधिकारात आणखी एक अर्ज द्या: आमच्या प्रकरणात दिलेली भरपाई कोणत्या ठेकेदाराकडून किंवा अधिकाऱ्याकडून वसूल केली, किती, कोणत्या तारखेला, आणि केली नसेल तर त्याबाबतच्या टिपणीची प्रत. काकूंच्या मुलाने असा अर्ज दिला. त्यावर त्याने आवक शिक्का मागून घेतला.